दुपारी बाराची सांज

राहू गावापासून शिरूरपर्यंतच्या पट्ट्यात जेवढी माणसं काळी पडली आहेत, ती सगळी काही उन्हानं पडलेली नाहीत. त्यातली निम्मी तरी आमच्या मामेसासऱ्यांच्या प्रिंटरनं पडली आहेत. मी त्यांच्यातलाच एक. मुलगा उजळ आहे म्हणून मला पसंत केलं होतं, असं बायको अजून सांगते. पण मामांच्या भिंतीवर माझा जो फोटो आहे त्यात फक्त शर्टाची बटणं आणि दात दिसतात. त्या फोटोकडे बोट करून मामा आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "हे आमचं शिक्रापूरचं जावई. कंपनीत क्वालिटीला हायेत." ऐकणारा त्या अंधाराकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि क्वालिटीविषयी पुढं काही विचारत नाही.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ. राहूत त्यांचा ऊस आहे, वय सत्तरीच्या पलीकडे, अंगानं काटक, आवाज मात्र या बांधावरून त्या बांधावर जाणारा. चूक दिसली की त्यांना राहवत नाही. चूक कुणाची, जागा कुठली, वेळ कसली, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. एकदा गावातल्या एका आप्पांच्या दहाव्याला नदीवर सगळे जमले होते. आमच्याकडे दहाव्याला पुढारी मंडळी माईकवर श्रद्धांजलीची भाषणं करतात, आणि माणूस जिवंतपणी होता त्याच्या चौपट मोठा होऊन जातो. एक वक्ते गहिवरून म्हणाले, "आप्पा आयुष्यात कधी कुणाला वाकडं बोलले नाहीत." तोच गर्दीतून मामांचा आवाज आला, "बोलायचा की! मला बोललाय!" वक्त्यांनी माईक तोंडाजवळ ओढला आणि पुढं सुरू केलं, "अशा या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वटवृक्षाला..." "एक्क्याऐंशी," मामा म्हणाले. पिंडाजवळ आलेला कावळासुद्धा घास सोडून मामांकडे बघत राहिला, असं लोक रंगवून सांगतात. मी होतो तिथं. कावळा तोवर आलेलाच नव्हता. मामांच्या संगतीनं मलाही आता थोडी सवय लागली आहे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे कागद. जे हातात धरता येत नाही ते खरं नाही, असं त्यांचं ठाम मत. फोनमधल्या फोटोला ते फोटो म्हणतच नाहीत. "काचंतलं हाय त्ये. काच फुटली का गेलं," म्हणतात. पुण्यातल्या मुलानं लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर गावाला आणून टाकला, तेव्हा घरात त्याचं काय करायचं हे कुणालाच कळेना. मामांना कळलं. ते सरळ दौंडला गेले आणि प्रिंटर घेऊन आले, टेम्पोत खाली गादी घालून, बाळंतिणीला आणावी तसा. कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही मांडले ओसरीवर, मामींच्या शिलाई मशीनवर. तेव्हापासून मामींचं मशीन बंद पडलं ते पडलंच. "उशीचं अभ्रं बी आता बाहेरून शिवून आणायचं," असं त्या मला दरवेळी ऐकवतात, जसा काही प्रिंटर मीच हुंड्यात मागितला होता. ओसरीवर अंगणातलं ऊन थेट येतं, त्या उजेडात स्क्रीनवर काही दिसेना, म्हणून मामांनी पहिल्याच दिवशी बटण शोधून स्क्रीन होता तेवढा पेटवला आणि मग त्या बटणाला पुन्हा हात लावला नाही.

त्या दिवसापासून त्या घराचा एक नियम झाला. आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, आणि जेवलेल्या माणसाला फोटोशिवाय जाऊ द्यायचं नाही. ऊसतोडीचा मुकादम असो, लाइटवाला वायरमन असो, नाहीतर गाईला सुई द्यायला आलेला डॉक्टर असो, हात धुतला की अंगणात उभा. मग मामा फोनातला फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे. तिथं तो असा लख्ख दिसायचा की डोळे दिपायचे. "लईच भडक वाटतंय, वाईच उतरवतो," म्हणत मामा तो थोडा मंद करायचे, मनासारखा झाला की बटण दाबायचे, आणि प्रिंटरमधून घरघर करत बाहेर यायची अमावस्या. गावच्या सोसायटीचे चेअरमन एकदा असेच सापडले. त्यांनी आपला फोटो हातात घेतला, जवळून पाहिला, लांबून पाहिला आणि हळूच म्हणाले, "मामा, हार घालायची घाई झाली व्हय? हाय अजून मी." मामांना त्यातला टोमणा लागला नाही. त्यांना चूक लागली. स्क्रीनवर चेअरमन गोरेपान आणि कागदावर काळेठिक्कर, म्हणजे मधे कुठंतरी चोरी होते आहे, आणि ती शोधल्याशिवाय आपण स्वस्थ बसायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

तरी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच सुमाराला सासूबाई पडल्या. त्या शिरूरला माझ्या मेव्हण्याकडे असतात. न्हाणीत पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी मेव्हण्याला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात आता उठून चालणं काही व्हायचं नाही. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी कुणाला विचारलं नाही. मामा भेटायला गेले तेव्हा मीही बरोबर होतो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या भावाला म्हणाल्या, "राहूला काय आता माझं येणं व्हत न्हाई. तू समद्या मुलखाचं फोटू काढतूस. मला आपल्या हिरीचा एक दे. उंबरासकट. हितं उशाशी ठेवीन."

"आठ दिसात आणतो, आक्का," मामा म्हणाले.

माझ्या मेव्हण्याला वाटलं, एवढ्यासाठी कशाला थांबायचं? त्यानं राहूत मामांना विहिरीवर उभं राहायला सांगून व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आईच्या हातात दिला. त्यांना विहीर दिसली, उंबर दिसला. त्या नीट बघायला फोन जवळ घेऊ लागल्या, बोट कुठंतरी लागलं आणि कॉल कटला. त्या काळ्या काचेकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग "गेली," एवढंच म्हणाल्या आणि फोन परत दिला. नंतर त्यानं दोनदा विचारलं, पुन्हा लावू का, तर नको म्हणाल्या. बहीण-भाऊ एकाच मातीचे, काचेतल्या विहिरीवर दोघांचाही विश्वास नाही.

मामांनी विहिरीचा फोटो काढला. स्क्रीनवर पाणी चमकत होतं, उंबराचं पान न् पान मोजून घ्यावं असं दिसत होतं. कागदावर मात्र बुडाशी एक काळं भोक आणि त्याच्यावर एक काळा ढग. मी म्हटलं, "मामा, आहे तो देऊन टाका. त्यांना कळेल." मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी भेसळीचं खत विकायला आलोय. "आक्कानं हिर मागितलीया पाव्हणं, अंधार न्हाई," म्हणाले, आणि कामाला लागले.

आता मामांची काम करायची पद्धत म्हणजे शेतीची. जगातल्या कुठल्याही यंत्राचं बिघडणं हे मोटर, पंप किंवा औषध यांपैकी एकासारखं असतं, असं ते धरून चालतात. पहिला संशय शाईवर. बाटल्यांतली शाई खाली बसली असणार म्हणून त्यांनी चारही बाटल्या फवारणीच्या औषधासारख्या खळखळा हलवल्या. तेवढ्यानं भागेना, म्हणून शाई दाट आहे असा निष्कर्ष काढून पिवळ्या बाटलीत पाणी घातलं. पंधरा लिटरच्या पंपाला किती औषध लागतं ते त्यांना तोंडपाठ, त्यावरून उलटा हिशेब केला. पुढचे कित्येक दिवस त्या घरी जेवलेली सगळी माणसं निळी आली. वायरमनच्या बायकोनं तो फोटो पाहून नवऱ्याला विचारलं म्हणे, "शॉक कवा बसला? सांगितलं न्हाई ते!"

मग संशय गेला कागदावर. कागद दमट आहे. म्हणून कागद कुरडयांच्या शेजारी खाटेवर वाळत घातला, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवून. मामी कुरडया उलटायला गेल्या आणि त्यांनी प्रामाणिकपणे कागदही उलटला, त्यामुळे पुढचे फोटो पाठीमागच्या खरखरीत बाजूला आले, तेही काळेच. मग माणसांवर संशय. लोकच काळे कपडे घालून येतात. म्हणून जेवायला येणाऱ्यांना आधी फोन, "पांढरा सदरा घालून या." मग प्रकाशावर संशय. गोठ्याचा नवा पत्रा काढून माणसासमोर धरायचा, म्हणजे ऊन परतून तोंडावर पडतं. चेअरमन दुसऱ्यांदा सापडले ते याच काळात, आणि या खेपेचा त्यांचा फोटो काळा तर आहेच, शिवाय डोळे गच्च मिटलेले आहेत. त्यानंतर ते मामांच्या घरावरून जाताना "जेवण झालंय!" असं रस्त्यातूनच ओरडून सांगतात.

पण मामांच्या संशोधनाचा कळस म्हणजे लाइट. शेताची थ्री फेज लाइट ठरलेल्या तासांनाच येते, बाकी वेळ सिंगल फेज. सिंगल फेजवर विहिरीची मोटर पाणी ओढत नाही, हे शेतकऱ्याच्या लहान पोरालाही माहीत. "मंग प्रिंटर शाई कशी वढंल?" असा मामांचा रोकडा सवाल. मी म्हटलं, "मामा, शाई ओढत नाही म्हणून फोटो फिका आला असता. हा काळा येतोय." मामांनी प्रिंटरचं झाकण उघडून आत बघितलं. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाले, "म्हंजी जादा वढतोय. व्होल्टेज फिरतंय." आणि पुढं त्या घरात थ्री फेज आल्याशिवाय प्रिंट काढणं बंद झालं. घरातली लाइट गावठाणातून येते आणि शेताची वेगळ्या लायनीवरून, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण माणूस चूक शोधायच्या नादात असला की त्याला स्वतःची तेवढी दिसत नाही. आता काय बोलणार!

या सगळ्यात विहिरीचे फोटो मात्र ते नव्यानं काढतच होते. शेवटी त्यांनी ठरवलं की सूर्य बरोबर डोक्यावर असताना फोटो काढायचा, म्हणजे अंधाराला लपायला जागाच उरायची नाही. तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. भर दुपारी बारा वाजता, रणरणत्या उन्हात, मामा शिडीवर, शिडी मी धरलेली, समोर मामी गोठ्याचा पत्रा घेऊन उभ्या. माणसाची सावली पायाखाली गोळा झाली होती. "बरुबर बारा!" मामा वरून ओरडले आणि फोटो काढला. तो फोटो स्क्रीनवर एवढा लखलखला की मामांनी तो नेहमीपेक्षा जरा जास्तच उतरवला. कागदावर आला तेव्हा विहिरीच्या काठावर तिन्हीसांजा झालेल्या होत्या.

शिरूरहून दर आठवड्याला फोन यायचा. सासूबाई बाकी काही विचारायच्या नाहीत. "आली का रं हिर?" मामा सांगायचे, "आली आक्का, वाईच काम ऱ्हायलंय." आठ दिवसांचे महिने झाले. मग एकदा मेव्हण्याचा मला फोन आला. आई जेवत नाही म्हणाला, भिंतीकडे तोंड करून पडून असते, आणि आता विहिरीचंही विचारत नाही. मी मामांना कळवलं. फोनवर त्यांचा बांधावरून बांधावर जाणारा आवाज कसाबसा ऐकू आला. म्हणाले, "विचारत बी न्हाई?" मी म्हटलं, नाही. "मंग या घ्यायला," म्हणाले.

मी गाडी घेऊन गेलो तेव्हा मामा धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसले होते. मांडीवर विहिरीचे सगळे फोटो पसरलेले, त्यातला कमीत कमी काळा कुठला ते बघत होते. शेवटी तो बारा वाजताचाच घेतला. न्हावऱ्याच्या रस्त्यानं शिरूर येईपर्यंत ते मांडीवरच्या त्या फोटोकडेच बघत होते. वाटेत एका धाब्याच्या पाटीवर धडधडीत चूक होती. मी मुद्दाम गाडी हळू केली, पण त्यांनी मान वर केली नाही.

सासूबाई खरंच भिंतीकडे तोंड करून होत्या. "आक्का, हिर आणलीया," मामा म्हणाले, पण असं, जसं कुणी उधार मागायला आलंय. मेव्हण्यानं आईला उशी लावून जरा वर बसवलं. त्यांनी फोटो दोन्ही हातांत घेतला. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घेतला. मामा फोटोकडे नाही, बहिणीच्या तोंडाकडे बघत उभे होते, आणि मी दाराशी. मग त्यांनी बोटानं उंबराच्या बुंध्यापासून विहिरीच्या काठापर्यंत हळूहळू वाट काढली.

"सांजचं काढलास व्हय रं," त्या म्हणाल्या.

मामांनी तोंड उघडलं. मला ते तोंड चांगलं ओळखीचं. दहाव्यात उघडलं होतं तसंच. आता 'बारा' येणार, 'सूर्य डोक्यावर' येणार, शिडी येणार, पत्रा येणार, म्हणून मी दारातून एक पाऊल पुढं आलो.

"मला वाटलं तू इसरला असशील," सासूबाई फोटोशीच बोलत होत्या. "सांजची शेवटची कळशी माझी असायची. आन् तू माझ्या परकराचा सोगा धरून मागं मागं. अंधाराला लई भ्यायचास. उंबरापाशी आलं का डोळं झाकून चालायचास." त्या हसल्या. "तीच येळ धरलीस बघ. बरुबर तीच."

मामांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग मिटलं. "व्हय आक्का," ते म्हणाले. "सांजचंच."

माझ्या आठवणीत मामांनी समोर दिसलेली चूक सोडून दिली ती तेवढीच. त्या दिवशी सासूबाईंनी वाटीभर दूधभात खाल्ला, फोटो उशाला लावून. परतीच्या वाटेवर मामा खिडकीतून बाहेर बघत होते.

आता खरं तर हे इथंच संपायला हवं होतं, पण मामांचं काही वेळेवर संपत नाही. पंधरवड्यानं त्यांचा घाबराघुबरा फोन, "पाव्हणं, आता स्क्रीन बी बिघडला. त्यो बी काळा दाखवाया लागला." मी सुट्टीच्या दिवशी गेलो. झालं होतं असं, की तो उजेड दिवसभर डोळ्यावर येतो आणि बिलही वाढतं म्हणून मामींनी चुलीतला जाळ मागं ओढावा तसा स्क्रीनचा उजेड पार खाली आणून ठेवला होता. मी बसलो, चेअरमनचा फोटो स्क्रीनवर घेतला आणि त्यांचाच कागदावरचा फोटो शेजारी धरला. दोन्ही चेअरमन सारखे. तेवढेच काळे, तेवढेच डोळे मिटलेले.

"मामा," मी म्हटलं, "बघा. पहिल्यांदा दोन्ही जुळलेत."

"जुळून काय करायचंय? दोन्ही काळंच की!"

मग मी त्यांना समजावून सांगितलं की स्क्रीनला आतून स्वतःचा उजेड असतो, कागदाला तो नसतो. स्क्रीन तुम्ही पहिल्या दिवसापासून सगळा पेटवून ठेवलात, म्हणून त्यात फोटो आहे त्यापेक्षा लख्ख दिसायचा, वर तुम्ही तोच आणखी उतरवायचात. कागद बिचारा जे दिलंय तेच दाखवत होता. आता स्क्रीन कागदाला जुळलाय, तर आता फोटो उजळवा. मामांनी ऐकून घेतलं. यंत्राविषयी त्यांनी इतकं शांतपणे कधी ऐकलं नव्हतं. "म्हंजी येवढं दिस कागूद खरं बोलत हुता," एवढंच म्हणाले, आणि कागदाच्या गठ्ठ्यावरून हात फिरवला. मामींनी आतून विचारलं, मग आता माझं मशीन मोकळं होणार का? मामांनी उत्तरादाखल प्रिंटरमध्ये नवा कागद घातला.

त्यानंतर मामांचे फोटो सुधारले. इतके, की गावात नाराजी पसरली. वायरमन म्हणाला, पहिला बरा होता, त्यात टक्कल दिसत नव्हतं. मामांनी विहिरीचाही तो फोटो उजळवला. उंबराचं पान न् पान आलं, पाण्यात आभाळ आलं, शिडीची सावलीसुद्धा जागच्या जागी आली. तो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, माझ्याच गाडीतून शिरूरला नेला. आम्ही पोचलो तेव्हा सासूबाईंच्या खाटेशी शेजारच्या एक मावशी बसल्या होत्या आणि सासूबाई त्यांना उशाचा फोटो दाखवून सांगत होत्या, "माझा भाव हिरीवर सांज व्हस्तवर बसून ऱ्हायला, येवढ्या फोटूपायी. कुणाचा भाव करतोय सांगा." मामा दारातच थबकले. पिशवी त्यांनी खाटेच्या पायाशी ठेवली, ती तिथंच राहिली. निघताना सासूबाई म्हणाल्या, "आन् ऐक, दोघी पोरींना बी एकेक दे. ह्योच. असाच." मामा व्हय म्हणाले आणि पिशवी तशीच उचलून परत घेऊन आले.

दोन दिवसांनी मला फोन. "पाव्हणं, अंधार कसा आणायचा?"

जुना फोटो कॉम्प्युटरमध्ये असायला हवा होता, पण मामांनी दुरुस्त केलेला त्याच्यावरच ठेवला होता. चुकलेली वस्तू जपून ठेवायची त्यांना सवय नाही. उजळवलेला फोटो त्यांनी मंद करून बघितला, तर कागदावर सांज येईना, नुसतं ढगाळ यायचं. मग पुण्याच्या मुलाकडून फोटो काळा करायचं काहीतरी मागवून कॉम्प्युटरवर घालून बघितलं, तर कागदावर ग्रहण आलं. मी गेलो तेव्हा ओसरीवर फोटोंचा पसारा पडला होता आणि त्यात मामा बसले होते. फोनमध्ये मूळ फोटो अजून होता, तो घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायची असं ठरलं. मामांनी स्क्रीन होता तेवढा पेटवला. अंगणाचं ऊन अडवायला मामींनी लावलेला पडदा बाजूला केला. फोटो लख्ख दिसला, "लईच भडक वाटतंय," असं ते स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी तो उतरवला. मी म्हटलं, दाबा आता. तर म्हणाले, थांबा, थ्री फेज येऊ द्या. मी म्हटलं, "मामा, त्याचा काही संबंध नाही, आता तुम्हालाही माहीत आहे."

"नसू दे. तवा जसं केलं तसंच करायचं."

आम्ही थ्री फेजची वाट बघत बसलो. विहिरीवर मोटर सुरू झाल्याचा आवाज आला, तसं त्यांनी बटण दाबलं. कागद घरघरत बाहेर आला. खाली काळं पाणी, वर काळा उंबर, आणि मधे ती पायवाट, जेमतेम दिसेल न दिसेल अशी. मामी चहा घेऊन आल्या, त्यांनी वाकून बघितलं. "अवो, पुन्यांदा बिघडलं का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "बरुबर आलंय."

पोरींसाठी काढलेल्या त्या दोन फोटोंतला एक आमच्या शिक्रापूरच्या घरात आहे, टीव्हीच्या वर. परवा माझ्या कंपनीतला एकजण आला होता. पूर्वी फोटोच्या लॅबमध्ये काम केलेला. त्याच वेळी मामाही आलेले, सोफ्यावर मांडी घालून बशीतून चहा पीत बसले होते. तो मित्र फोटोसमोर उभा राहिला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "हा ऐन दुपारचा आहे, बरं का. सावल्या बघा, सरळ खाली पडल्यात. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल ठेवून काढलेला दिसतोय, म्हणून काळा आला."

एकूण एक शब्द खरा होता. मी मामांकडे बघितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"न्हाई, पाव्हणं," ते म्हणाले. "सांज झालती तवा."